वजन उतरण्याआधीच साखर का उतरते?

लठ्ठपणासाठी जठरावर किंवा आतड्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेही रुग्णाच्या बाबतीत पहिल्या तीन-चार दिवसांतच एक गोष्ट वारंवार दिसून येते. रुग्ण अजून घोट-घोट पाणी आणि वरणाच्या गाळलेल्या पाण्यावर असतो, वजनकाट्यावरचा फरक जेमतेम किलो-दोन किलोचा असतो, पण दर काही तासांनी बोटाला सुई टोचून तपासलेली साखर मात्र खाली येऊ लागलेली असते. आदल्या आठवड्यापर्यंत दोन प्रकारच्या गोळ्या आणि रात्रीचे इन्सुलिन घेऊनही जी साखर २००च्या खाली यायला तयार नव्हती, ती आता निम्म्याहून कमी इन्सुलिनमध्ये आटोक्यात राहते. बऱ्याच जणांचे इन्सुलिन घरी जाण्यापूर्वीच बंद करावे लागते, कारण जुना डोस चालू ठेवला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाईल.

वजन घटले की मधुमेह सुधारतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु येथे वजन घटण्यापूर्वीच साखर सुधारते, आणि या क्रमानेच वैद्यकशास्त्राला विचार करायला लावले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातले शल्यविशारद वॉल्टर पोरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली अन्नाला जठराचा मोठा भाग व आतड्याची सुरुवात टाळून पुढे नेणारी 'बायपास' शस्त्रक्रिया केलेल्या आपल्या ६०८ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांपैकी १४६ जणांना टाइप २ मधुमेह होता आणि १२१ जणांची, म्हणजे सुमारे ८३ टक्के लोकांची साखर शस्त्रक्रियेनंतर सामान्य पातळीवर आली व तशीच राहिली. मधुमेह हा एकदा जडला की वाढतच जाणारा आजार, अशी ठाम समजूत असण्याच्या त्या काळात शल्यविशारदांनी हा दावा करावा, हे अनेक मधुमेहतज्ज्ञांना पटणे कठीण होते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी लठ्ठपणात मधुमेह कसा होतो हे आधी पाहावे लागेल. जास्तीची चरबी त्वचेखाली साठत असते तोवर शरीराला फारसा त्रास होत नाही. ती जागा अपुरी पडू लागली की चरबी यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडात उतरू लागते. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनचा संदेश नीट ऐकत नाही आणि रात्रभर, पोटात अन्नाचा कण नसतानाही, रक्तात साखर सोडत राहते. सकाळी उपाशीपोटी केलेल्या तपासणीत साखर जास्त येते ती यामुळे. स्नायूंनाही रक्तातली साखर आत ओढून घेणे जड जाते. ही कसर भरून काढण्यासाठी स्वादुपिंडातल्या बीटा पेशी अधिकाधिक इन्सुलिन तयार करतात, आणि काही वर्षांनी त्या थकतात. थकलेल्या पेशींपैकी काही विश्रांती मिळाल्यावर पुन्हा कामाला लागू शकतात, तर काही कायमच्या निकामी होतात. या दोन गटांचे प्रमाण रुग्णागणिक वेगळे असते आणि पुढचे बरेचसे त्यावरच ठरते.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. आज ती जवळजवळ नेहमी दुर्बिणीतून, पोटावर पाच-सहा लहान छिद्रे पाडून केली जाते. सर्वाधिक प्रमाणात होणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराची बाहेरची फुगीर बाजू स्टेपलरने कापून वेगळी करतात. सुमारे तीन-चतुर्थांश जठर शरीराबाहेर काढले जाते आणि मागे एक अरुंद, उभी नळी उरते. बायपासमध्ये अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे साधारण ३० मिलीलिटर मावेल एवढीच पिशवी राखतात आणि लहान आतड्याचा खालचा भाग वर आणून तिला थेट जोडतात. बाकीचे जठर आणि ड्युओडेनम, म्हणजे जठरानंतर येणारा लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग, काढून टाकत नाहीत. ते जागेवरच राहतात, तेथे पाचक रसही तयार होतात, परंतु अन्न त्या वाटेने जात नाही. ते रस खाली बऱ्याच अंतरावर अन्नाला भेटतात. भारतात एकाच जोडाचा, मिनी बायपास म्हणून ओळखला जाणारा प्रकारही बराच रुळलेला आहे. स्लीव्ह आणि बायपास यांतल्या फरकाकडे लक्ष द्यावे, कारण स्लीव्हमध्ये आतड्याला हातही लागत नाही आणि तरीही साखर उतरते.

पहिल्या काही दिवसांतल्या सुधारणेचे सर्वात मोठे कारण मला तरी अगदी साधे वाटते: माणूस जवळजवळ उपाशी असतो. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातले रॉय टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली शस्त्रक्रियेविनाच हे दाखवून दिले. टाइप २ मधुमेह असलेल्या ११ जणांना त्यांनी आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवले. पहिल्या सात दिवसांतच त्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी १६५च्या आसपास होती ती १०५च्या आसपास आली आणि यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली. शरीर टंचाईत सापडले की यकृतातली चरबी आधी वापरली जाते, आणि त्यामुळे रात्रभर चालणारी साखरेची गळती थांबते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या कॅलरी याहूनही कमी असतात.

पण तेवढ्याने सगळा उलगडा होत नाही. फ्रांचेस्को रुबिनो या इटालियन शल्यविशारदाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लठ्ठ नसलेले, परंतु जन्मतःच मधुमेही असलेले उंदीर घेतले आणि त्यांच्या जठराला धक्का न लावता केवळ ड्युओडेनम वगळून अन्नाची वाट खाली वळवली. त्या उंदरांचे खाणे आणि वजन इतर उंदरांइतकेच राहिले, तरी त्यांची साखर सुधारली. पुढे २००६ साली त्यांनी काही उंदरांत अन्नाची ड्युओडेनममधली वाट पुन्हा खुली केली, तेव्हा साखर परत बिघडली. अन्न आतड्याच्या कोणत्या भागाला, किती लवकर स्पर्श करते याचा साखरेशी थेट संबंध असू शकतो, ही कल्पना या प्रयोगांनी प्रयोगशाळेत रुजवली.

माणसांत या संबंधाचा एक धागा स्पष्ट दिसतो. लहान आतड्याच्या खालच्या टोकाकडे आणि मोठ्या आतड्यात जीएलपी-१ नावाचे संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी दाटीने असतात. अन्न आल्याची चाहूल लागताच त्या हे संप्रेरक रक्तात सोडतात; ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते आणि मेंदूला पोट भरल्याचे कळवते. बायपासनंतर अन्न या पेशींपर्यंत लवकर आणि फारसे न पचलेले असे पोचते, त्यामुळे जेवणानंतर जीएलपी-१ची पातळी पूर्वीच्या अनेक पट वर जाते. स्लीव्हमध्येही जठरातून अन्न भराभर पुढे सरकत असल्याने कमी प्रमाणात हेच घडते. याशिवाय भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते, तोच भाग स्लीव्हमध्ये काढला जातो. पित्तरसातील आम्लांचे आणि आतड्यातील जिवाणूंचे बदलणारे प्रमाण यांवरही बरेच संशोधन झाले आहे, मात्र त्यातले पुष्कळसे प्राण्यांवरचे आहे.

मग श्रेय कोणाचे, आतड्याच्या नव्या रचनेचे की घटलेल्या वजनाचे? अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात याची नेटकी परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मधुमेह असलेल्या ११ लठ्ठ व्यक्तींवर बायपास केला, दुसऱ्या ११ जणांचे वजन केवळ आहाराने घटवले, आणि दोन्ही गटांचे वजन सुमारे १८ टक्क्यांनी उतरल्यावर यकृताचा, स्नायूंचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद व बीटा पेशींचे काम बारकाईने मोजले. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच निघाली. अभ्यास लहान होता, तरी त्यावरून माझे मत असे झाले आहे की पहिल्या आठवड्यात उपासमारीचा, पहिल्या काही महिन्यांत संप्रेरकांचा आणि त्यापुढे वजनाचा वाटा मोठा असतो. आतड्यातले बदल बिनमहत्त्वाचे ठरतात असे मात्र यातून निघत नाही. केवळ आहाराने १८ टक्के वजन उतरवून ते वर्षानुवर्षे तसेच ठेवणे फारच थोड्यांना जमते, कारण वजन घटले की शरीर भूक वाढवून ते परत मिळवू पाहते. शस्त्रक्रियेनंतर ही भूक उसळत नाही, आणि ती न उसळण्यामागे ती बदललेली संप्रेरकेच आहेत.

हा परिणाम किती टिकतो, या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे, कारण जाहिरातींत ते सहसा मिळत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी, कोणतेही मधुमेहाचे औषध न घेता, किमान तीन महिने ६.५ टक्क्यांच्या खाली राहिली तर मधुमेह शमला असे २०२१ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार म्हणतात. आजार मुळासकट गेला असा दावा ही व्याख्या करत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेही रुग्णांपैकी ७२ टक्क्यांचा मधुमेह दोन वर्षांनी शमलेला होता. १५ वर्षांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया न झालेल्या गटात हेच आकडे १६ आणि ६.५ टक्के होते. क्लीव्हलँड क्लिनिकमधील १५० रुग्णांच्या चाचणीत अधिक कडक कसोटी लावली होती: एचबीए१सी ६ टक्के किंवा त्याखाली, मग औषधे चालू असोत वा नसोत. पाच वर्षांनी या कसोटीला बायपास गटातले २९ टक्के, स्लीव्ह गटातले २३ टक्के आणि केवळ औषधांवरच्या गटातले ५ टक्के रुग्ण उतरले. अमेरिकेतल्या चार चाचण्यांच्या रुग्णांचा एकत्रित पाठपुरावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सात वर्षांनी शस्त्रक्रिया गटातले १८ टक्के, आणि बारा वर्षांनी जवळपास १३ टक्के रुग्ण मधुमेह शमलेल्या अवस्थेत होते. औषधांवरच्या गटात बारा वर्षांनी असा एकही उरला नव्हता.

हे उतरते आकडे पाहून शस्त्रक्रिया निष्फळ ठरते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ज्यांचा मधुमेह परत येतो, त्यांचाही तो बहुधा सौम्य रूपात येतो: इन्सुलिनऐवजी एखाद-दुसरी गोळी पुरते. शिवाय मधुमेहात माणसाचे खरे नुकसान होते ते डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांचे. स्वीडिश अभ्यासात या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण शस्त्रक्रिया गटात जवळपास निम्मे होते. साखर चांगली राहिलेली आठ-दहा वर्षे, पुढे मधुमेह परतला तरी, वाया जात नाहीत.

आता बीटा पेशींकडे परत येऊ, कारण शस्त्रक्रिया कोणाला लाभते हे त्या ठरवतात. मधुमेह होऊन दोन-चार वर्षे झालेली आणि एका गोळीवर असलेली व्यक्ती आणि पंधरा वर्षे मधुमेह असून रोज तीन वेळा इन्सुलिन घेणारी व्यक्ती यांचे वजन अगदी सारखे असले तरी निकाल सारखा येत नाही. पहिल्या व्यक्तीच्या पेशी बहुधा नुसत्या थकलेल्या असतात, दुसरीच्या बऱ्याचशा नष्ट झालेल्या असतात. सी-पेप्टाइड ही रक्ततपासणी शरीर स्वतः किती इन्सुलिन तयार करते याचा अंदाज देते. वय, मधुमेहाची वर्षे, एचबीए१सी, चालू औषधे व इन्सुलिन यांवरून शक्यता वर्तवणाऱ्या गुणपद्धतीही तज्ज्ञ वापरतात. म्हणूनच, सगळे उपाय थकल्यावर शस्त्रक्रिया पाहू, हा आपल्याकडचा रूढ विचार मला चुकीचा वाटतो: सगळे उपाय थकेपर्यंत ज्या पेशींवर भिस्त ठेवायची त्याच थकून गेलेल्या असतात. टाइप १ मधुमेहात तर बीटा पेशी मुळातच नष्ट झालेल्या असल्याने शस्त्रक्रियेने मधुमेह शमण्याचा प्रश्नच येत नाही.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांवरून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. अंगातली चरबी मोजली तेव्हा ती युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय शरीरातही चरबी अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, आणि त्यातली बरीचशी चरबी पोटाच्या आत असते. त्यामुळे कमी वजनातही मधुमेह गाठतो. पुण्यातीलच डॉ. शशांक शहा आणि सहकाऱ्यांनी २०१० साली बीएमआय २२ ते ३५ असलेल्या १५ मधुमेही रुग्णांवरील बायपासचे निकाल प्रसिद्ध केले, तेव्हा नऊ महिन्यांत सरासरी एचबीए१सी सुमारे १० टक्क्यांवरून ६ टक्क्यांच्या आसपास आलेला होता. पंधराच रुग्ण, तुलनेसाठी दुसरा गट नाही आणि कालावधी अल्प, त्यामुळे त्यावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. तरी केवळ वजनकाट्यावरून निवड करणे अपुरे आहे, या म्हणण्याला त्यातून बळ मिळाले.

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली शस्त्रक्रियेसाठीची बीएमआयची मर्यादा खाली आणली. मधुमेह असेल तर बीएमआय ३० पासून शस्त्रक्रियेची शिफारस करता येते, आणि आशियाई लोकांसाठी लठ्ठपणाची व्याख्याच २५ पासून सुरू होते व २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. ५ फूट ३ इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी २७.५ म्हणजे सुमारे ७० किलो. भारतातल्या आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटी मात्र बीएमआय ४०, किंवा अनियंत्रित टाइप २ मधुमेहासारखा गंभीर विकार सोबत असल्यास ३५, हाच उंबरठा धरून आहेत. त्याच उंचीला ३५ म्हणजे जवळपास ९० किलो होतात. ७५ किलो वजनाच्या, साखर आटोक्यात नसलेल्या बाईला डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवू शकतात, पण विम्याची पॉलिसी तिला बहुधा दारातूनच परत पाठवील. या अटींचा फेरविचार व्हायला हवा असे मला मनापासून वाटते.

धोक्यांबद्दलही स्पष्ट असावे. अनुभवी हातांत या शस्त्रक्रियेतला मृत्यूचा धोका हजारात एक ते तीन इतका, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास आहे. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव आणि पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे या सुरुवातीच्या गंभीर गुंतागुंती होत. पुढे पित्ताशयात खडे, बायपासच्या जोडावर व्रण, स्लीव्हनंतर छातीतली जळजळ, आणि गोड खाल्ल्यावर एक-दोन तासांनी साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर, चक्कर असे त्रास उद्भवू शकतात. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसन जडण्याची शक्यताही वाढते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी१२ यांची कमतरता तर अपेक्षितच धरावी लागते. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी१२ आधीच कमी असते, त्यात वर्षानुवर्षे घेतलेल्या मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ते आणखी घटलेले असते. अशा व्यक्तीने शस्त्रक्रियेनंतर गोळ्या किंवा इंजेक्शने मध्येच सोडली तर हातापायांना मुंग्या येणे आणि तोल जाणे मधुमेहाच्या खात्यावर टाकले जाते आणि खरे कारण नजरेआड राहते. प्रथिनांचेही तसेच आहे. वाटीभर जेवणात पोट भरत असताना त्या वाटीत आधी भात नव्हे, तर घट्ट मुगाचे वरण, पनीर, दही किंवा अंडे असावे लागते.

सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपटाइड या इंजेक्शनांनी आता शस्त्रक्रिया करावी की नाही हा प्रश्न नव्याने उभा केला आहे. आतड्यातल्या संप्रेरकांचीच नक्कल करणारी ही औषधे आहेत आणि त्यांचा परिणाम लक्षणीय आहे, मात्र औषध थांबवले की उतरलेले वजन बरेचसे परत येते आणि मधुमेही रुग्णांत वजन इतरांपेक्षा कमी उतरते. शस्त्रक्रियेच्या तोडीला ती किती वर्षे टिकून राहतील हे काळच सांगेल. शस्त्रक्रिया नको असलेल्यांना आणि तिच्यानंतर वजन परतलेल्यांना त्यांचा आधार मात्र आजच मिळतो.

निर्णय घेण्याआधी काही गोष्टी ठरलेल्या असाव्यात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद कराव्या लागतात, कारण उपाशी अवस्थेत त्यांनी रक्तात आम्ल साचू शकते. डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्यावा, कारण फार दिवस वाढलेली साखर एकदम उतरली तर पडद्यावरचा विकार काही काळ बळावू शकतो. इन्सुलिन आणि साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्यांचे डोस पहिल्या दिवसापासून कोण बदलणार, शल्यविशारद की नेहमीचे मधुमेहतज्ज्ञ, हे दोघांसमोर विचारून घ्यावे. आणि सगळी औषधे सुटली, साखर वर्षानुवर्षे उत्तम राहिली, तरी एचबीए१सी, लघवीतली प्रथिने, डोळ्यांचा पडदा, पायांची संवेदना, हिमोग्लोबिन, बी१२ आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी दरवर्षी, आयुष्यभर चालू ठेवावी लागते.